जिऑलॉजी युनिव्हर्सिटीत शिकताय? आधी बघायला शिका, नावं मागाहून येतात

जिऑलॉजीला ॲडमिशन घेतली की पहिल्या काही आठवड्यांतच नावांचा मारा सुरू होतो, खनिजांची नावं, खडकांची नावं, कालखंडांची नावं, जीवाश्मांची लॅटिन नावं, आणि मग मुलं घाबरून पाठांतराला लागतात. थोडंफार पाठ करावं लागतंच, त्याला इलाज नाही, पण या विषयाची खरी गोम वेगळीच आहे. समोर काय दिसतंय ते आधी नीट बघायचं, दिसलं तसं लिहायचं, आणि त्यावरून आपण काय अंदाज बांधला ते वेगळं ठेवायचं. हातातला दगड असो, मायक्रोस्कोपखालची स्लाइड असो, डोंगराचा कडा असो की भूकंपाचा आलेख, सगळीकडे काम हेच. ही सवय पहिल्या वर्षी लागली तर पुढचं बरंच सोपं जातं, आणि नाही लागली तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला फार जड जातं, म्हणून मी खाली जे काही सांगतोय ते सगळं फिरून फिरून याच मुद्द्यावर येतं.

दगड हातात आल्यावर

समजा लॅबच्या ट्रेमध्ये दोन पांढरट, अर्धपारदर्शक तुकडे ठेवलेत, एक क्वार्ट्झ आणि एक कॅल्साइट. नुसता रंग बघून नाव सांगायचा मोह टाळा, कारण रंग हा सगळ्यात फसवा गुण आहे, क्वार्ट्झ पांढरा असतो, जांभळा असतो, गुलाबी असतो, धुरकट काळाही असतो. त्याऐवजी क्रमाने जा. तुकडा उजेडात फिरवा आणि तुटलेली बाजू बघा. कॅल्साइट ठरावीक सपाट पातळ्यांवर तुटतो, तीन दिशांना, त्यामुळे त्याचे तुकडे तिरप्या डब्यांसारखे दिसतात आणि तुकडा फिरवला की ती पातळी एकदम चमकते. क्वार्ट्झला अशा पातळ्या नसतात, तो जाड काच फुटते तसा वक्र फुटतो. मग स्टीलच्या चाकूने ओरखडून बघा. १८१२ साली फ्रीडरिश मोह्स यांनी मांडलेल्या कठीणपणाच्या स्केलवर कॅल्साइट ३ वर आणि क्वार्ट्झ ७ वर आहे, चाकू साधारण साडेपाचच्या आसपास, म्हणजे कॅल्साइटवर ओरखडा पडणार आणि क्वार्ट्झवर चाकूचंच धातू घासून करडी रेघ उमटणार. ही करडी रेघ पुष्कळांना ओरखडा वाटते, म्हणून बोटाने पुसून बघायचं, पुसली गेली तर तो ओरखडा नाही. शेवटी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब, कॅल्साइट लगेच फसफसतो.

आता ॲसिडबद्दल एक सांगतो, कारण इथे भलेभले फसतात. फेस आला म्हणजे चुनखडक असं नसतं, फेस आला म्हणजे तिथे कॅल्साइट आहे एवढंच. वाळूच्या कणांना कॅल्साइटच्या सिमेंटने जोडलेलं असेल तर वालुकाश्मही मस्त फसफसतो. आणि डोलोमाइट, म्हणजे कॅल्साइटसारखाच पण मॅग्नेशियम असलेला खनिज-भाऊ, अखंड असताना जेमतेम फसफसतो, पण चाकूने खरवडून त्याची पूड केली की फेस दिसतो. म्हणजे वहीत "फेस आला" ही नोंद आणि "चुनखडक" हा निष्कर्ष, या दोन वेगळ्या ओळी पाहिजेत.

दहापट मोठं दाखवणारी हँड लेन्स घ्या आणि ती कायम गळ्यात राहू द्या. ती वापरायची पद्धत लक्षात ठेवा, लेन्स डोळ्याला अगदी चिकटवायची आणि दगड लेन्सजवळ आणायचा, लेन्स दगडावर धरून लांबून वाकून बघत बसलात तर काही दिसणार नाही. आणि नेहमी ताजा तुटलेला भाग बघा, बाहेरची झिजलेली साल बऱ्याचदा भलत्याच रंगाची असते.

नावं लक्षात राहायची असतील तर लॅब संपल्यावर ट्रे परत ठेवायच्या आधी मित्राला सांगा की लेबल झाकून कुठलाही तुकडा दे, आणि नाव न घेता आधी पाच गुण मोठ्याने सांगा, नाव सगळ्यात शेवटी. ओळखीचा माणूस नुसत्या चालीवरून लांबून ओळखू येतो तसं काही महिन्यांनी खनिजांचं होतं, पण ते पुस्तकातले फोटो बघून होत नाही, शेकडो तुकडे हाताखालून जावे लागतात.

मायक्रोस्कोपची भीती

थिन सेक्शन म्हणजे खडकाचा काचेवर चिकटवून घासलेला ०.०३ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा, एवढा पातळ की त्यातून उजेड आरपार जातो. पोलराइज्ड उजेडात पहिल्यांदा बघितलं की रंगांनी डोळे दिपतात आणि मुलं रंग बघूनच नावं ठोकायला लागतात, तेच हातातल्या दगडाचं दुखणं इथेही.

माझं ठाम मत आहे की पहिली पाच मिनिटं वरचा पोलरायझर, म्हणजे उजेड एकाच दिशेत गाळणारी वरची चकती, बाहेरच ठेवायचा. साध्या उजेडात कणांचा आकार, मूळ रंग, भेगा, पृष्ठभाग उठावदार दिसतो की सपाट, हे बघायचं. स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायची गोल तबकडी, फिरवल्यावर रंग बदलतो का ते बघायचं, बायोटाइट (काळा अभ्रक) फिरवताना फिका तपकिरी ते गडद तपकिरी होत जातो. मग वरचा पोलरायझर आत घ्या. क्वार्ट्झ राखाडी ते पांढरा दिसायला हवा, आणि तो पिवळा दिसत असेल तर स्लाइड जास्त जाड राहिलीय, म्हणजे बाकीच्या खनिजांचे रंगही तुम्हाला एक पायरी वरचे दिसणार, म्हणून कुठलीही नवीन स्लाइड आली की आधी क्वार्ट्झ नाहीतर फेल्डस्पार शोधून जाडीचा अंदाज घ्या. गार्नेट पूर्ण गोल फिरवला तरी काळाच राहतो. पण अपारदर्शक खनिजही काळंच राहतं, फरक एवढाच की ते साध्या उजेडातही काळं असतं, म्हणून तर आधी साधा उजेड.

पायरॉक्सिन आणि ॲम्फिबोल या दोन खनिजगटांत गोंधळ होणार हे गृहीत धरा. दोघांनाही भेगांचे दोन संच, पण पायरॉक्सिनमध्ये ते जवळपास काटकोनात भेटतात आणि ॲम्फिबोलमध्ये साधारण ५६ आणि १२४ अंशांत. मात्र हा कोन प्रत्येक कणात दिसत नाही, तो कण योग्य दिशेने कापलेला असावा लागतो, तेव्हा एकाच कणावर अडून न बसता स्लाइड सरकवत असा कण शोधायचा जिथे दोन्ही संच स्वच्छ दिसतायत.

आणि प्रत्येक स्लाइडचं चित्र काढा, हाताने, पेन्सिलने, बाजूला स्केलची रेघ मारून. फोन लेन्सवर धरून फोटो काढणं सोपं आहे, जरूर काढा, पण चित्र काढताना कुठला कण कुणाला कापून गेलाय, कोण कुणाच्या पोटात आहे हे ठरवावंच लागतं, आणि मॅग्मातून कोण आधी तयार झालं याचं उत्तर तिथेच असतं. इथेच थिअरीसुद्धा कामाला येते. नॉर्मन बोवेन यांनी १९२० च्या दशकात मांडलेली स्फटिकीकरणाची मालिका, म्हणजे थंड होणाऱ्या मॅग्मातून खनिजं कोणत्या क्रमाने तयार होतात ते, लोक नुसती घोकतात, पण तिचा उपयोग तपासणीसाठी होतो. मॅग्नेशियमचं प्रमाण जास्त असलेलं ऑलिव्हिन आणि क्वार्ट्झ एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने नांदत नाहीत, त्यांची रिॲक्शन होऊन पायरॉक्सिन बनतं. तुम्ही एकाच स्लाइडमध्ये दोन्ही ओळखली असतील तर थांबा, त्यातलं एक बहुतेक दुसरंच काहीतरी आहे, परत बघा.

फील्डवर गेल्यावर

फील्ड म्हणजे पिकनिक नाही हे तुम्हाला सगळे सांगतील, पण फील्डवर नेमकं करायचं काय हे फार कमी जण सांगतात. कड्यापाशी पोचल्यावर हातोडा काढू नका. आधी लांब उभं राहा, अख्खा कडा एका नजरेत येईल इतकं लांब, आणि थर कसे जातायत, कुठे तुटतायत, कुठे वाकतायत ते बघा आणि एक ढोबळ चित्र काढा. मग जवळ जा. मग लेन्स. हातोडा सगळ्यात शेवटी, डोळ्यांना गॉगल लावून, आणि एका हातोड्यावर दुसरा हातोडा कधीच मारायचा नाही, स्टीलची कपची उडून डोळा जाऊ शकतो. संरक्षित जागी तर हातोडा बॅगेतच राहू द्या.

वहीतली नोंद कशी असावी याचा एक नमुना देतो:

"ठिकाण ४. नाल्याचा डावा काठ. कडा साधारण ३ मीटर उंच, १५ मीटर लांब. वालुकाश्म. ताज्या भागावर पिवळट करडा, झिजलेल्या भागावर तांबूस. कण मध्यम, लेन्सखाली बहुतेक क्वार्ट्झ, थोडं फेल्डस्पार, कण बऱ्यापैकी गोलसर. थर २० ते ४० सेंटिमीटर. थरांच्या आत तिरक्या रेघा, वरच्या बाजूला कापलेल्या, खालच्या बाजूला अलगद टेकणाऱ्या. ॲसिडला फेस नाही. स्ट्राइक १३५, डिप ३५ नैऋत्येला. अंदाज: वाहत्या पाण्याने साठवलेली वाळू, थर उलटलेले नाहीत. शंका: नदी की समुद्रकिनारा? जीवाश्म शोधायचे."

बघा, यात "अंदाज" आणि "शंका" हे शब्द लिहून वेगळे केलेत, आणि हेच महत्त्वाचं. संध्याकाळी मित्र म्हणाला की हे थर वाऱ्याने साठवलेल्या वाळूचे असतील तर तुमची निरीक्षणं तशीच उभी राहतात, बदलतो फक्त अंदाज. पण वहीत नुसतं "नदीचा वालुकाश्म" लिहून आलात तर परत जाण्याशिवाय पर्याय नाही. त्या तिरक्या रेघांचं म्हणाल तर वर कापलेल्या आणि खाली टेकणाऱ्या ही खूण थर सुलटे आहेत का उलटे हे सांगते, घड्या पडलेल्या प्रदेशात तर या एका खुणेवर अख्खा नकाशा फिरतो. डावा काठ म्हणजे पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून डावा, हेही एकदा ठरवून टाका.

स्ट्राइक आणि डिप पहिल्या दिवशी कुणालाच कळत नाही. थराच्या पृष्ठभागावर थोडं पाणी ओता, ते ज्या दिशेने खाली पळतं ती डिपची दिशा, आणि त्याला काटकोनात पृष्ठभागावरची जी आडवी, पूर्ण सपाट रेघ असते तो स्ट्राइक. वरच्या नोंदीत उजव्या हाताचा नियम वापरलाय, स्ट्राइकच्या दिशेला तोंड केलं की थर उजवीकडे खाली उतरतो, १३५ कडे तोंड केलं की उजवीकडे २२५ म्हणजे नैऋत्य. तुमच्या डिपार्टमेंटमध्ये दुसरी पद्धत असली तरी चालेल, पण एकच वापरा आणि वहीच्या पहिल्या पानावर कुठली ते लिहा, सोबत त्या भागात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती अंश सरकलेली आहे तेही. होकायंत्र लावताना हातोडा, फोन, बेल्टचं बक्कल लांब ठेवा. मॅग्नेटाइट भरपूर असलेला खडक स्वतःच सुई हलवतो, तेव्हा बेसाल्टसारख्या खडकावर एकाच जागी आलेल्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, थोडं सरकून परत मोजा.

ज्यांना चालायला, चढायला त्रास आहे त्यांनी हे वाचून विषय सोडू नये, हे मनापासून सांगतो. मायक्रोस्कोपी, जिओकेमिस्ट्री, सिस्मॉलॉजी, सॅटेलाइट इमेजरी, मॉडेलिंग यांत आयुष्यभराचं काम आहे, आणि कड्यांची थ्रीडी मॉडेल्स आता स्क्रीनवर फिरवून त्यांच्यावर मोजमापंही घेता येतात. डिपार्टमेंटशी पहिल्याच सेमिस्टरला बोला, ट्रिपच्या आदल्या दिवशी नको.

नकाशा आणि डोक्यातली तिसरी मिती

सपाट कागद बघून जमिनीखाली काय चाललंय ते डोळ्यांसमोर आणणं, हे बऱ्याच जणांना सगळ्यात अवघड जातं, आणि ते सरावानेच येतं. तीन गोष्टींपासून सुरुवात करा. थर आडवे असतील तर नकाशावर त्यांच्या सीमा कॉन्टूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, रेषांना समांतर जातात. थर उभे असतील तर डोंगर येवो की दरी, सीमा सरळ रेषेत जाते. आणि थर तिरके असतील तर दरीत सीमेचा व्ही तयार होतो, त्याचं टोक साधारणपणे थर ज्या दिशेला खाली उतरतो तिकडे असतं, अपवाद तेवढा थर दरीच्याच दिशेने पण दरीच्या उतारापेक्षा कमी कलाने उतरत असेल तेव्हाचा. हे वाचून डोक्यात शिरत नसेल तर जाड पुठ्ठ्याचे थर रंगवून चिकटवा, तिरके धरा आणि त्यात दरी कापा, एका दुपारचं काम आहे आणि सेमिस्टरभर पुरतं.

क्रॉस सेक्शन, म्हणजे जमीन उभी कापल्यावर दिसेल ते चित्र, काढताना उभं आणि आडवं स्केल एकच ठेवा. उभं स्केल ताणलं की चित्र देखणं दिसतं पण डिपचे सगळे कोन चुकतात. स्टिरिओनेट, म्हणजे थरांच्या दिशा आणि कल मांडायची गोल जाळी, आधी ट्रेसिंग पेपर आणि टाचणी घेऊन हातानेच करा, सॉफ्टवेअर नंतर, नाहीतर स्क्रीनवर आलेला ठिपका बरोबर की चूक हे कळण्याची सोयच राहत नाही.

वेळ, आकडे आणि गणित

इंग्रजी पुस्तकांत सगळं मिलियन आणि बिलियनमध्ये येतं, तेव्हा हिशोब पक्का करून घ्या, १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, कॅम्ब्रियन सुरू झाला सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन संपला सुमारे २५.२ कोटी, आणि डायनॉसॉरांचा मोठा विनाश ६.६ कोटी वर्षांपूर्वी, त्याच काळाच्या आसपास दख्खनचे लाव्हाचे प्रचंड थर पसरले. एवढे खुंटे आधी ठोका, बाकीचे कालखंड त्यांच्या मधे बसवत जा. आणि हे विसरू नका की कॅम्ब्रियनच्या आधीचा काळ हा पृथ्वीच्या इतिहासाचा जवळपास ८८ टक्के आहे, अभ्यासक्रमात त्याला दोन लेक्चर मिळाली तरीसुद्धा.

आकड्यांची भीती घालवायला छोटे हिशोब करत राहा. वर्षाला १ सेंटिमीटर म्हणजे १० लाख वर्षांत १० किलोमीटर, हे एकच रूपांतर पाठ ठेवा. अटलांटिकचा तळ वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटरने रुंदावतो असं धरलं आणि १८ कोटी वर्षं दिली तर साडेचार हजार किलोमीटर येतात, आणि त्या महासागराची रुंदी खरोखरच या घरात आहे. पहिल्यांदा असा हिशोब जुळला की प्लेट टेक्टॉनिक्सवर जो विश्वास बसतो तो दहा आकृत्या बघून बसत नाही.

खडकाचं वय काढतानाही कारण समजून घ्या, सूत्र नंतर. झिरकॉन हे खनिज तयार होताना युरेनियम आत घेतं पण शिसं जवळपास घेतच नाही, म्हणजे आज त्यात सापडणारं शिसं बहुतेक सगळं युरेनियमपासूनच बनलेलं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं अर्धं संपायला लागणारा काळ, ४४७ कोटी वर्षं आणि युरेनियम-२३५ चं सुमारे ७०.४ कोटी, एकाच स्फटिकात दोन घड्याळं, आणि दोन्ही जुळली तर वयावर भरवसा ठेवता येतो. कार्बन-१४ मात्र ५७३० वर्षांच्या अर्धायुष्याचा, तो डायनॉसॉरच्या हाडाला लावायचा विचारही करू नका.

भूकंपाच्या मॅग्निट्यूडमध्ये १ ने वाढ म्हणजे हालचालीत १० पट आणि ऊर्जेत सुमारे ३२ पट, हे लॉगरिदम आलं तरच समजतं. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित कच्चं असेल तर पहिल्या दोन सेमिस्टरमध्येच भरून काढा. डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांनी न्यूझीलंडच्या १९२९ च्या भूकंपाच्या नोंदी तपासल्या, जिथे लहरी यायलाच नकोत तिथे त्या क्षीणपणे आल्या होत्या, आणि त्यावरून १९३६ साली त्यांनी पृथ्वीला आतला गाभा असल्याचं मांडलं. अमेरिकन नकाशाकार मारी थार्प यांनी समुद्राच्या खोलीचे आकडे कागदावर रेघून रेघून अटलांटिकच्या मधोमध जाणारी खचदरी दाखवली, आधी कुणी मनावर घेतलं नाही, मग भूकंपांची केंद्रं त्याच नकाशाच्या मापाने मांडली तर ती नेमकी त्या दरीवर बसली. दोघींनी उपलब्ध आकडे जास्त काळजीने बघितले, हे काम तुमच्या लॅपटॉपवरही होतं. नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस फुकट आहे, प्रोग्रॅमिंगची भाषा पायथॉन फुकट आहे, भूकंपांचा डेटा अमेरिकेच्या यूएसजीएस या सरकारी भूवैज्ञानिक संस्थेच्या साइटवर सगळ्यांना खुला आहे. एखाद्या प्रदेशातले भूकंप डाउनलोड करा आणि खोलीनुसार रंग देऊन मांडा, एक प्लेट दुसरीखाली जात असेल तर तिची तिरकी घसरण तुमच्या स्वतःच्या नकाशावर दिसेल.

पेपर वाचणं, ब्रँच, प्रोजेक्ट

रिसर्च पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचू नका. आधी नकाशा आणि आकृत्या बघा, त्यातून तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते दोन ओळींत लिहा, मग लेखकांचं म्हणणं वाचा, आणि पटलं नाही तर नेमकी कुठली आकृती आड येते ते समासात टिपून ठेवा.

ब्रँच निवडायची घाई नको. हायड्रोजिऑलॉजी, इंजिनिअरिंग जिऑलॉजी, खनिज शोध, हवामानाचा इतिहास, ग्रहांचं भूविज्ञान, पुढे कामाच्या वाटा खूप आहेत, पण दुसरं वर्ष संपेपर्यंत सगळ्याला हात लावून बघा. भूजलाबद्दल एवढं नक्की म्हणेन की ज्यांना लोकांच्या थेट उपयोगी पडायचंय त्यांनी हा पेपर ऑप्शनला टाकू नये, पाणी सगळ्यांनाच लागतं आणि ते खडकाच्या भेगांतून कसं फिरतं हे सांगू शकणारी माणसं कमी आहेत.

प्रोजेक्टचा प्रश्न छोटा ठेवा. "या खोऱ्याचा भूवैज्ञानिक इतिहास" हा प्रश्न नाही, ते शीर्षक झालं. "या दोन थरांतली वाळू एकाच दिशेने आली का?" हा प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर हो किंवा नाही येऊ शकतं आणि ते कसं मोजायचं हेही लगेच सुचतं, तिरक्या थरांच्या दिशा मोजा, दोन्हींचे वेगळे आलेख काढा, ताडून बघा. सॅम्पल काढायच्या आधी जागेवरच त्याचा फोटो, शेजारी स्केल. खडकाचा कल महत्त्वाचा असेल तर कड्यावरून सोडवायच्या आधीच त्याच्यावर वरची बाजू आणि स्ट्राइकची रेघ मार्करने काढा, हातात आल्यावर ते ठरवता येत नाही. नंबर दगडावर लिहा, पिशवीवर लिहा, वहीत लिहा, तिन्हीकडे सारखाच. आणि त्याच संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो काढून दुसरीकडे सेव्ह करा, उद्यावर ढकलू नका, पाऊस आला की शाई पसरते.